महात्मा फुले योजनेत ऑपरेशन करायचंय? डिपॉझिट भरायच्या आधी हे वाचा

रेशनकार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट पिशवीत आहेत असं धरून चालतो. पिवळं-केशरी-पांढरं हा वाद सोडा, २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही योजना लागू आहे आणि उपचाराच्या खर्चाची दीड लाखाची मर्यादा वाढून वर्षाला ५ लाख झालीय, ती अख्ख्या कुटुंबाला मिळून, माणशी नव्हे. नुसत्या ओपीडी तपासणीला योजना नाही, ॲडमिट व्हावं लागतं.

पेशंटचं नाव कार्डावर आहे का बघा. नव्या सुनेचं बऱ्याचदा नसतंच, ते पुरवठा ऑफिसात आधी चढवून घ्या. कार्डावर बाळाबाई आणि आधारला बाळूबाई असेल तर तेही आधीच दुरुस्त करा.

हॉस्पिटल निवडताना दारावरच्या बोर्डाला भुलू नका. योजनेत हॉस्पिटल आहे म्हणजे सगळे आजार तिथं बसतात असं नाही, हाडाचं चालतं आणि हृदयाचं चालत नाही असंही असतं. "आमचं हे ऑपरेशन तुमच्याकडं योजनेत होतं का" एवढंच विचारा. गडहिंग्लज-भुदरगडकडनं येणाऱ्यांनी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला आधी विचारायला काय हरकत नाही, गर्दी असते, पण खर्चाची धास्ती कमी.

आता खरा घोळ. लोक आत शिरले की थेट बिलिंग काऊंटरला जातात, तिथला माणूस म्हणतो "आत्ता डिपॉझिट भरा, मंजुरी आली की परत देतो", आणि घाबरलेला पोरगा बायकोची बोरमाळ गहाण टाकून पैसे आणतो. अजिबात भरू नका! योजना कॅशलेस आहे, पैसे हॉस्पिटलला सरकारकडनं मिळतात, तुमचा एकदा गेलेला पैसा मागत फिरायला दम लागतो. आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा, योजनेच्या हॉस्पिटलात त्यांचा वेगळा डेस्क असतो. ते कार्ड तपासतात, मग हॉस्पिटल रिपोर्ट ऑनलाइन पाठवून मंजुरी मागतं. मंजुरी आलीय का हे रोज आरोग्यमित्राला विचारा, वॉर्डातल्या सिस्टरला नको, त्यांना माहीत नसतं. ऑपरेशन घाईचं नसेल तर मंजुरी येईपर्यंत थांबा. इमर्जन्सी असेल तर फोनवरनं मंजुरी घेता येते, ते आरोग्यमित्रालाच सांगायचं.

"चांगला इम्प्लांट घालतो, वरचे तेवढे द्या" असं कोण म्हणालं तर लेखी मागा. लेखी म्हटल्यावर निम्म्या वेळा विषयच मिटतो, नाही मिटला तर तिथंच उभं राहून योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन लावा.

डिस्चार्जला पुढच्या १० दिवसांची औषधं घेतल्याशिवाय हलू नका. ॲडमिट असतानाचं पेशंटचं जेवण आणि परत जायचं एसटीचं भाडंसुद्धा पॅकेजात आहे, आपणहून कोण देत नाही, मागून घ्या.