एक्सेलमधली रोजची सजावट एका फटक्यात

सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी दर महिन्याला नव्याने येते आणि दर वेळी तेच: बॉर्डर, ठळक अक्षरं, पिवळा रंग, रकमेला दोन दशांश. हे एकदाच करा आणि मॅक्रोत, म्हणजे एक्सेलने नोंदवून ठेवलेल्या आणि हवं तेव्हा पुन्हा चालवता येणाऱ्या कृतींच्या मालिकेत, साठवून ठेवा.

१. आधी सेल निवडा, मगच रेकॉर्डिंग सुरू करा. सगळी गंमत या क्रमात आहे. रेकॉर्डिंग सुरू असताना सेल निवडलेत, तर मॅक्रो पुढेही त्याच पत्त्यावर जाऊन रंग फासतो.
२. व्ह्यू टॅब, मॅक्रोज, रेकॉर्ड मॅक्रो. शॉर्टकटच्या चौकटीत शिफ्ट धरून क्यू दाबा. साठवायची जागा 'पर्सनल मॅक्रो वर्कबुक' ठेवा, म्हणजे त्या संगणकावर कुठल्याही फाइलमध्ये चालेल.
३. सजावट करा, स्टॉप रेकॉर्डिंग दाबा.

आता कुठलेही सेल निवडून कंट्रोल, शिफ्ट, क्यू. झालं! एक्सेल बंद करताना पर्सनल वर्कबुक सेव्ह करायचं का विचारेल, तेव्हा 'सेव्ह'च म्हणा.

एक जपा: मॅक्रोने केलेलं कंट्रोल झेडने परत फिरत नाही. चालवण्याआधी फाइल सेव्ह करा.