गाळाचे खडक शिकायचेत? मग नागपूरला या

मी साताऱ्याकडची. एम.एस्सी.ला नागपूरला येईपर्यंत खडक म्हणजे काळा पाषाण, एवढीच माझी ओळख. राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टने, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाने व्यापलेला, दुसरं दिसणार तरी काय? म्हणून जिऑलॉजीला नव्याने येणाऱ्यांना सांगते, जमल्यास एक हिवाळा विदर्भात काढा, इथे गाळाचे खडकही बघायला मिळतात.

खडकचक्राची, म्हणजे एका खडकाचा दुसरा कसा होतो ते दाखवणारी, ती बाणांची आकृती पाठ करण्यात फार वेळ घालवू नका. प्रत्येक खडक वितळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात वालुकाश्म झिजून त्याचीच वाळू होते आणि तिचा पुन्हा वालुकाश्म बनतो. वाळूतल्या क्वार्ट्झ या खनिजाचा दाणा चिवट, असे दोन-तीन फेरे तो सहज काढतो.

कामठी-सिल्लेवाड्याकडचा वालुकाश्म भिंगाखाली धरा. दाणे सुटे दिसतात. गाळाचा भार वाढला की ते जवळ येतात, मधलं पाणी पिळून निघतं आणि भूजलातली खनिजं फटींत साचून दाणे सांधतात. इथला तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि पुष्कळदा सांधणही त्याचंच. एका थराच्या आतले बारीक थर तिरके दिसले तर ते ज्या बाजूला उतरतात, तिकडे साधारण 25 कोटी वर्षांपूर्वीची नदी वाहत होती. हे वहीत लिहिताना कंपासने मोजलेल्या दिशेचा आकडा टाकाच; नुसतं ‘तिरके थर’ लिहिलेल्या नोंदीला गाइड विचारत नाहीत.

ॲसिडच्या बाटलीवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. फसफसलं की चुनखडी, असं नसतं. कॅल्साइटने, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाने सांधलेला वालुकाश्मही फसफसतो. उलट डोलोमाइट हा चुनखडीचा भाऊबंद गप्प बसतो, त्याची आधी पूड करावी लागते.

मग मनसर-रामटेककडे जा. तिथले सौसर गटाचे (हे तिथल्या जुन्या, रूपांतरित खडकांच्या गटाचं नाव) खडकही मुळात बरेचसे गाळाचेच. उष्णता आणि दाबाने वाळूचा क्वार्ट्झाइट झाला, चुनखडीचा संगमरवर, मँगनीजयुक्त गाळाचा गोंडाइट. फरक हातोड्याने कळतो. वालुकाश्म दाण्यांच्या कडेकडेने फुटतो, तुटलेला भाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. क्वार्ट्झाइट दाण्यांना चिरत फुटतो आणि त्याची कपची सणकन उडते. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल घाला.

खाणीत शिरायचं तर मॅनेजरची लेखी परवानगी हवी. विभागाचं पत्र आधीच काढून ठेवा. जीवाश्माच्या जागी हातोडा पिशवीतच राहू द्या, फोटो काढा, शेजारी स्केल ठेवा.

नोकरीचं म्हणाल तर जीएसआयसाठी (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, तिला पदव्युत्तर पदवी लागते. कोळसा, तेल आणि भूजल या तिन्हीकडे गाळाच्या खडकांची जाण उपयोगी पडते. मुलाखतीला जाताना स्वतःच्या फील्डच्या वह्या एकदा चाळून जा. प्रश्न बहुधा तिथूनच निघतात.