९८,७६,५४,३२१ : मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे शोधावेत

मोठ्या संख्येविषयी जे काही विचारले जाते, त्यातील बहुतेक प्रश्नांचे उत्तर तिच्या मूळ अवयवांत दडलेले असते. म्हणून सुरुवात अवयव पाडण्यापासूनच करावी. उदाहरणासाठी ९८,७६,५४,३२१ ही संख्या घेऊ.

अंकांची बेरीज ४५ असल्याने ९ ने भाग जातो आणि १०,९७,३९,३६९ उरते. हिच्या अंकांची बेरीज ४७ येते, म्हणजे ३ चा विषय इथेच संपला. शेवटचा अंक ९ असल्याने २ आणि ५ यांचा प्रश्नच नाही. ७, ११ आणि १३ यांची परीक्षा मात्र एकदमच घेता येते, कारण त्यांचा गुणाकार १००१ आहे: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची आलटून पालटून वजाबाकी-बेरीज करावी. येथे ३६९ − ७३९ + १०९ = −२६१ येते आणि २६१ ला या तिघांपैकी कोणीही भागत नाही. पुढच्या १७ ने भाग जातो. येथे घाई करणारे लगेच १९ कडे वळतात आणि चुकतात. उरलेल्या ६४,५५,२५७ ला १७ ने पुन्हा भाग जातो आणि ३,७९,७२१ हाती येते.

दिलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ३१,४२६ पर्यंत, भाजक तपासायचे ठरवले असते तर तीन हजारांहून अधिक मूळ संख्या वापराव्या लागल्या असत्या. आता मर्यादा ६१६ वर आली असून १९ ते ६१३ या १०५ मूळ संख्याच तपासायच्या आहेत. काम कंटाळवाणे आहे, पण त्यांतील एकीनेही भाग जात नाही, म्हणून ३,७९,७२१ ही मूळ संख्या ठरते. अर्थात दिलेली संख्या = ३² × १७² × ३,७९,७२१.

घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते: ३ × ३ × २ = १८. त्यांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + १७ + २८९) × (१ + ३,७९,७२१), म्हणजे १३ × ३०७ × ३,७९,७२२ = १,५१,५४,७०,५०२ येते; ती संख्येच्या दुपटीहून कमी असल्याने ही न्यून संख्या आहे. ऑयलरचे फलन, म्हणजे तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) असलेल्या संख्यांची गणती, (९ − ३) × (२८९ − १७) × (३,७९,७२१ − १), म्हणजे ६ × २७२ × ३,७९,७२० = ६१,९७,०३,०४० होते.

मला सर्वांत रोचक वाटतो तो पुढचा प्रश्न: ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का? त्यासाठी ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असावा लागतो. असा अवयव येथे केवळ ३ आहे आणि त्याचा घातांक २ आहे, म्हणून उत्तर होकारार्थी आहे. प्रत्यक्ष वर्ग शोधण्यासाठी ३,७९,७२१ मधून ६१६ पासून उतरत्या क्रमाने एकेक वर्ग वजा करीत जावे. सहाव्या प्रयत्नात ६११² वजा केल्यावर ६४००, म्हणजे ८०², उरते. दोन्ही पाया ३ × १७ = ५१ ने गुणले की ३१,१६१² + ४,०८०² = ९८,७६,५४,३२१ हे मिळते. क्रम आणि चिन्हे बाजूला ठेवली तर अशा एकूण तीन मांडण्या आहेत. ही त्यांतील एक.