सायकलची सीट टाचेने जुळवा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातून अलकापुरीला रोज सायकलने ऑफिस गाठताय आणि गुडघा पुढच्या बाजूने दुखतोय? आधी सीट बघा, बहुधा ती खाली असते. मागच्या बाजूने दुखत असेल तर उलट, जास्त वर.

ऑफिसचेच बूट घालून, भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पॅडलवर आणलात की गुडघा साधारण 25 ते 35 अंश वाकतो. तेवढंच हवं. मांडवीच्या गर्दीत सारखा पाय टेकावा लागत असेल तर सेंटिमीटरभर खाली घ्या, चालतं.

सीटच्या दांड्यावर कोरलेली रेघ मात्र फ्रेमच्या आतच राहू द्या. ती बाहेर आली तर दांडा किंवा फ्रेम मोडू शकते. तरीही उंची कमी पडत असेल तर फ्रेमच लहान आहे, मोठी घ्या.

हँडल धरताना कोपरं किंचित वाकलेली असली की पुरे. बदल एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरचाच करा आणि जुन्या उंचीवर टेपचा तुकडा चिकटवून ठेवा.