राहत्या घरावर रिव्हर्स मॉर्गेज कसं घ्यावं: सांगली-साताऱ्याच्या घरमालकांसाठी

पेन्शन तुटपुंजी, ठेवींचं व्याज औषधांतच संपतं, आणि राहतं घर मात्र 50 लाखांचं. अशा ज्येष्ठांना सगळे सांगतात, घर विका नाहीतर मुलाकडे जाऊन राहा. 2007 साली नॅशनल हाउसिंग बँकेने मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हापासून तिसरी वाट खुली आहे. घर तारण ठेवायचं, त्यातच राहायचं, आणि दरमहा पैसे बँकेने द्यायचे. फेड नवरा-बायको दोघांच्याही पश्चात. वारसांना कर्ज भागवून घर सोडवण्याचा पहिला हक्क, नाहीतर विक्रीतून उरेल ते त्यांचं. घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालं तरी फरक मुलांच्या खिशातून जात नाही.

पात्रता. वय 60 पूर्ण, जोडीदार 55 च्या वर (काही बँका 58 मागतात), घर स्वकष्टार्जित आणि स्वतःच्या राहण्यातलं, बांधकामाचं आयुष्य निदान 20 वर्षं शिल्लक.

बँक. छोट्या शाखेत ही योजना माहीत नसते आणि मालमत्तेवरचं साधं कर्ज पुढे केलं जातं. त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून तुम्हाला भरावा लागतो. तिथून उठा आणि मुख्य शाखा गाठा.

कागद. इथे फाईल अडते. व्याजदरावर तासभर बोलणारे सल्लागार या टप्प्यावर "कागद क्लिअर पाहिजेत" एवढंच सांगून मोकळे होतात.

घरपट्टीची पावती तुमच्या नावावर आहे म्हणून घर तुमचं ठरत नाही. ती फक्त कर भरल्याची नोंद. बँकेचा वकील बघतो ते मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, खरेदीखत, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदींवरून काढलेला 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट. बँकेकडे जाण्याआधी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाची ताजी नक्कल काढा आणि त्यावरची प्रत्येक ओळ वाचा. साताऱ्याच्या पेठेतल्या एका घराचं पत्रक माझ्यासमोर आलं होतं: वडिलांचं नाव कंसात गेलेलं (म्हणजे कमी झालेलं), खाली दोन भाऊ, आणि तिसऱ्या ओळीत लग्न होऊन कोरेगावला गेलेली बहीण. राहणारा भाऊ शपथेवर सांगत होता की बहिणीने हक्क सोडलाय. सोडला होता, पण शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर. असा कागद वकील बाजूला ठेवतो. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. ते करून फेरफार (नावबदलाची नोंद) मंजूर होईपर्यंत या फाईलने मला रडकुंडीला आणलं होतं.

वडिलोपार्जित घराचं तर आधी नोंदणीकृत वाटणीपत्र करा, आणि ते चालेल का हे बँकेच्या वकिलालाच विचारा. बहिणीकडे सही मागायला मध्यस्थ पाठवू नका. स्वतः जा, कशासाठी हवी ते खरं सांगा.

सांगलीत गुंठेवारीची, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनींची, गाठ वेगळी. शामरावनगर, कुपवाडकडे एकाच सातबाऱ्यावर वीस नावं असतात. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखालचा नियमितीकरणाचा दाखला हातात नसेल तर अर्ज भरण्यात वेळ घालवू नका, आधी महापालिकेतून तो दाखला मिळवा. नदीकाठचं घर असेल तर पूररेषेचं बघा. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर मूल्यांकन करणारा ते विचारणारच.

रक्कम. घराची पूर्ण किंमत मिळत नाही. वयानुसार साधारण 40 ते 60 टक्क्यांच्या हिशेबाने मर्यादा ठरते. व्याजाचं गणित स्वतः मांडा: दर 10 टक्के धरला आणि महिना 10 हजार घेतले, तर 15 वर्षांत हातात येतात 18 लाख, कर्ज मात्र होतं 41 लाखांच्या आसपास. मुदत संपली की मासिक रक्कम थांबते. घरात राहता येतं, पण व्याज चढतच राहतं. म्हणून माझं ठाम मत, हातपाय धड आहेत तोवर साठीत याला हात लावू नका. सत्तरीनंतर मर्यादाही वाढते आणि गरजही खरी असते.

हा पैसा कर्जाचा असल्यामुळे त्यावर आयकर नाही. तो मिरजेच्या दवाखान्याच्या खेपांसाठी, स्वयंपाकाच्या बाईसाठी, दाताच्या कवळीसाठी आहे. मुलाच्या धंद्यात घालायला नाही, ते नियमातही बसत नाही.

सही. पत्नीला सहकर्जदार केल्याशिवाय सही करू नका. ती कर्जदार नसेल आणि नवरा आधी गेला, तर कर्ज लगेच वसुलीला येतं आणि म्हातारपणी तिच्यावर घर सोडायची पाळी येते. मुलांना सहीच्या आधी एकत्र बसवून सांगा, नंतर नव्हे. मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहीनंतर तीन कामकाजाच्या दिवसांत व्यवहार रद्द करता येतो. त्या दिवसांत कागद पुन्हा वाचा.

नंतर. घरपट्टी, विमा, डागडुजी तुमच्याकडेच. ती चुकली तर बँक कर्ज परत मागू शकते. खोली भाड्याने देण्याआधी बँकेला विचारा. आणि पुण्याला नातवंडांकडे खुशाल जा, पण सलग वर्षभर घर बंद ठेवू नका. तेवढ्यावरून कर्ज वसुलीला निघू शकतं.