कोकण किनाऱ्यावर उडत्या शिकारी पक्ष्यांचे छायाचित्रण

उडत्या घारी-गरुडांचे छायाचित्र फसले की दोष बहुधा कॅमेऱ्याला दिला जातो. किनाऱ्यावर मात्र आपण कोणत्या वेळी आणि कुठे उभे राहतो, यावरच निम्मे काम ठरते. हे पक्षी झेप घेताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि सूर्यही पूर्वेलाच असतो. म्हणून पुळणीवर समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यास पक्षी समोरून येतो आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडतो. उन्हे चढल्यावर खारे वारे सुरू झाले की पक्ष्याचे तोंड समुद्राकडे वळते व पुळणीवरून त्याची पाठच दिसू लागते. दुपारनंतर सूर्य कलला की जेटीच्या टोकाशी जाऊन जमिनीकडे पाहावे. मधल्या वेळी तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते. त्यावर महागड्या लेन्सचाही इलाज चालत नाही.

सरावासाठी हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणसारखे बंदर उत्तम, कारण होड्या मासळी घेऊन परतल्या की ब्राह्मणी घारी त्यांच्याभोवती घिरट्या घालतात. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी असल्याने ते दोन महिने मात्र बंदरावर विसंबू नये. ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी इथला हिवाळी पाहुणा आहे. तो पाय पुढे करून पाण्यात सूर मारतो, तर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बहुधा पृष्ठभागावरूनच मासा उचलतो.

शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या खाली आणू नये, सूर मारणाऱ्या पक्ष्यासाठी तो १/३२०० ठेवावा. एफ ५.६ ते एफ ८ एवढे ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र, पुरते आणि फोकस सतत मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर असावा. प्रकाशमापन कॅमेऱ्यावर सोपवण्यापेक्षा स्वतः ठरवणे मला अधिक भरवशाचे वाटते. पक्ष्यामागे क्षणात आकाश, क्षणात माडांची राई, क्षणात पाणी येते आणि कॅमेरा दरवेळी फसतो, पण पक्ष्यावरचे ऊन तेवढेच असते. ब्राह्मणी घारीच्या पांढऱ्या डोक्यावरील पिसे स्पष्ट दिसतील एवढाच प्रकाश घ्यावा. साध्या घारीच्या काळपट पोटासाठी तो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवावा.

पक्षी दूर असतानाच त्याला चौकटीत घ्यावे, पाय रोवून कमरेतून वळावे आणि तो जवळ आल्यावरच बटण दाबावे. बसलेला पक्षी पुढे झुकला किंवा शिटला, तर तो उडण्याच्या बेतात आहे असे समजावे. सुरूच्या किंवा आंब्याच्या उंच झाडावर गरुडाचे घरटे दिसले, तर तिथे थांबू नये. बिथरलेले पालक दूर गेले की अंडी कावळ्यांना आयतीच सापडतात.

घरी परतल्यावर लेन्सवरील खारट तुषार कोरड्या फडक्याने घासू नयेत, कारण मिठाच्या कणांनी काचेवर ओरखडे उठतात. आधी गोड्या पाण्याने ओलावलेल्या मऊ फडक्याने ते हलकेच टिपून घ्यावेत आणि मगच काच पुसावी.