मोठ्या रेटिंगवाल्याशी गेम पडलाय? या चुका टाळा

नाशिकमधल्या कुठल्याही बुद्धिबळ टुर्नामेंटला जा, पेअरिंग (कोणाचा गेम कोणाशी, ती यादी) लागली की पोरं नाव नंतर, आधी रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, बघतात, आणि १४५० वाल्यासमोर १८५० आला की पालक तिथेच "जाऊ दे, एक्स्पीरियन्स म्हणून खेळ" म्हणून मोकळे. ४०० चा फरक असला की हिशोबाने मोठ्याला १० गेममध्ये साधारण ९ पॉइंट मिळायला हवेत, मान्य, पण उरलेला एक कुणीतरी घेतोच ना!

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे घाबरून एक्स्चेंज. वजिराला वजीर, हत्तीला हत्ती, सगळं साफ केलं की ड्रॉ होईल असं वाटतं. होतं उलटंच, एंडगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरल्यावर, मोठा जास्त मुरलेला असतो, एका प्याद्यावर तो तुम्हाला दोन तास पिळतो. त्यापेक्षा गुंता ठेवा. आपल्या नाशिकच्या ग्रँडमास्टर विदित गुजराथीने २०२४ ला टोरोंटोच्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) अमेरिकेच्या नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी हरवलं ते एच३ या घरावर उंटाचा बळी देऊन, आणि रेटिंग नाकामुराचं जास्त होतं.

मग येतो ड्रॉचा मोह. एक मोहरा वर, म्हणजे समोरच्यापेक्षा जास्त, असताना पोरं ड्रॉ ऑफर करतात, समोरचा लगेच हात पुढे करतो, का नाही करणार! फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटना) क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या गेमच्या, रेटिंगला १८ च्या आतल्यांचा के (एका गेमने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४०, म्हणजे ४०० ने मोठ्याला हरवलं तर जवळपास ३७ रेटिंग पॉइंट, ड्रॉ केला तर १७. वीस पॉइंट असेच सोडायचे?

खरंच हरत असाल आणि तीच पोझिशन तिसऱ्यांदा येणार असेल (तीनदा आली की ड्रॉ मागता येतो) तर मात्र ड्रॉ घ्या, पण नीट घ्या. इथे फार घोळ होतो. पोरगं चाल खेळतं, क्लॉक दाबतं आणि मग "सर, तीनदा झालं" म्हणतं. गेला क्लेम. चाल आधी फक्त स्कोअरशीटवर (चाली लिहायचा कागद) लिहायची, बोर्डावर खेळायची नाही, क्लॉक थांबवून आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलवायचं. आणि त्यासाठी स्कोअरशीट वाचता येईल अशी लिहिलेली हवी, नुसत्या रेघोट्या नकोत.

जिंकत असताना समोरचा टाइम ट्रबलमध्ये (वेळ संपत आल्याने) भराभर खेळायला लागला की आपणही त्याच्या नादी लागून फटाफट खेळतो, अरे पण तुझी तर २० मिनिटं शिल्लक आहेत ना! हात मांडीखाली ठेव, टचमूव्ह (हात लावलेलं मोहरंच खेळावं लागतं, तो नियम) लागलं तर आर्बिटरही काही करू शकत नाही.